सांध्यावरच्या खुणा

अगं, आई इकडे आली होती ना, तेव्हाचं सांगते. आर्नहेमजवळचं ते मध्ययुगातलं लाकडी सांगाड्याचं घर बघायला तिला नेलं. गाइडकाका डचमध्ये सांगत होते, मी मराठीत, आणि आईचं लक्ष खांबांकडे.

“हे ओरखडे गं कसले?”

मी विचारलं, तर काका एकदम खूश! म्हणाले, सुतारांनी आधी सगळा सांगाडा जमिनीवर जुळवला, सांध्यासांध्यावर खूण कोरली, मग सुटा करून इथे आणून उभा केला.

“म्हणजे माझ्या डब्यांसारखंच की!” आई म्हणाली.

मला हसू आवरेना. तिच्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी असते: मेतकूट, भाजणी, गोडा मसाला.

“आणि परत न्यायचं म्हटलं तर?” तिने विचारलं.

काका म्हणाले, “न्या की! खुणा आहेत ना, होतं तसं उभं राहील.”

मी तिला मराठीत सांगितलं. आई त्या खुणेवर बोट ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “तुला इकडे पाठवताना डब्याडब्यावर नाव घातलं बघ. तुझ्यावरच खूण करायची राहिली.”