पोट भरल्यावरचं रडणं

...आणि वर मला म्हणते काय, "बाबा, सगळं मस्त!" आता तुम्हीच सांगा, हे काय बोलणं झालं? जेवण कसं? मस्त. ऑफिस? मस्त. हवा? मस्त. अहो, नेदरलँड्सची हवा! तिथली माणसंसुद्धा तिला मस्त म्हणत नाहीत, सकाळी उठून आधी आभाळाला नावं ठेवतात आणि मग दात घासतात, असं हिनंच मला सांगितलं होतं... आणि आता तीच म्हणते मस्त! दीड मिनिटात फोन बंद. मी आपला हातात फोन धरून बसलेला, कानशील गरमसुद्धा झालेलं नसतं.

तुम्हाला सांगतो, मुलगी तक्रार करत नाही ही तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडे? प्रेमदासकडे गेलो. प्रेमदास म्हणजे आमच्या स्टँडवरचा कंट्रोलर, माझ्या शेजारच्या टेबलाचा. तो म्हणाला, "काऊन बे धनराज, पोरगी सुखात हाय म्हणून तू रडून राह्यला? डोकं तपासून घेजो एकदा." आता याला काय समजावणार?

मी आर्वीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. उभा जन्म तक्रारी ऐकण्यात गेला माझा. लोक गाडीची वेळ विचारतात असं वाटतं का तुम्हाला? नाही! लोक विचारतात, "साहेब, उन्हाची बाजू कोणती येईल?" मी सांगतो डावी. मग वळणावर ऊन उजवीकडे आलं की परतीच्या फेरीला येऊन भांडतात, जसा काही सूर्य मीच वळवला! पण एक शिकलो त्या खिडकीत. जो भांडतो ना, तो उद्याही एसटीनंच जाणार असतो. ज्याचं मन उठलं, तो भांडत नाही. तो गुपचूप बाहेर जाऊन काळीपिवळीत बसतो. जीपवाला हाक मारतो, तो बसतो, संपलं. पुन्हा खिडकीवर येत नाही.

आणि माझी वर्षाली म्हणते, सगळं मस्त! म्हणजे पोरगी काळीपिवळीत बसली हो!

पहिले अशी नव्हती. पहिले काय तक्रारी होत्या तिच्या! एकेक नग. तिच्या घरात झाडू मारणारं एक यंत्र आहे, थाळीएवढं, आपलं आपण फिरतं. ते सोफ्याखाली अडकायचं आणि तिथून हिच्या फोनवर निरोप पाठवायचं, मी अडकलो! ही ऑफिसात, ते सोफ्याखाली, दोघंही हवालदिल. एकदा घरातले दिवेच लागेनात. का? तर म्हणे दिव्यांचं अपडेट चालू आहे. अहो, आमच्याकडे दिवे जातात तेव्हा निदान अख्ख्या गल्लीचे जातात, माणूस बाहेर येऊन शेजाऱ्याशी चार शब्द बोलतो... हिनं एकटीनं अंधारात बसून दिव्यांची वाट पाहिली! आणि ते अवोकॅडो का काय ते फळ... आज दगड, उद्या दगड, परवा सकाळी पाहावं तर सडलेलं. मधला दिवसच नाही त्याला! हे सगळं सांगून झालं की स्वतःच हसायची आणि म्हणायची, "फर्स्ट वर्ल्ड प्रॉब्लेम्स!" तिकडे असं म्हणतात म्हणे. श्रीमंत देशातली दुखणी.

आमची कुंदा, म्हणजे माझी बायको, तिनं पहिल्यांदा हे ऐकलं आणि लगेच आपल्या भाषेत करून टाकलं. "म्हणजे पोट भरल्यावरचं रडणं. मंग रड ना माय. पोट भरल्यावर नाई रडायचं त कधी रडायचं? उपाशी माणसाले येळ असते का रडाले?"

आणि मायलेकी तास तास रडायच्या! त्यांची एक पद्धत होती. वर्षालीनं एक तक्रार टाकली की कुंदानं एक टाकायची, भुलाबाईच्या गाण्यासारखं, तू एक कडवं, मी एक कडवं. तिकडून सोफ्याखालचं यंत्र आलं, की इकडून, "तुया बाबानं ओला टावेल पलंगावर टाकला." तिकडून दिवे, इकडून, "दूधवाला म्हशीले नाई, नळाले पिळते." आणि शेवटचं कडवं ठरलेलं. कूलर!

आता वर्ध्याकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा. आमच्याकडे घराचा कर्ता पुरुष कूलर असतो. त्याला वेळेवर पाणी, त्याला नवी खस, त्याच्यासमोर सगळे हात जोडून. आणि कुंदाची आयुष्यभराची एकच तक्रार, "कूलरचं तोंड तुमच्याचकडं काऊन जी?" मी झोपलो की ती गुपचूप उठून आपल्याकडे वळवायची, ती झोपली की मी माझ्याकडे. आमचा कूलर रोज दुपारी इतका फिरायचा, की घरात पाळीव प्राणी असल्यासारखं वाटायचं. मी तेव्हा ओरडायचो, "अगं, झोपू दे! त्या पोरीला तिकडं कशाला सांगतेस कूलरचं?"

मागच्या पोळ्याच्या आधी कुंदा गेली. तर ते असो.

त्यानंतर फोन माझ्याकडे आला. वर्षाली मलाही सांगायची हो, सगळं सांगायची! मला कडव्याला कडवं जोडता यायचं नाही, मी नुसता हूं हूं करायचो. पण चाललं होतं. चैत्रात आमचे चंद्रभान भाऊ आले आमच्या गावाहून, आंजीहून, एका लग्नासाठी. आमचे थोरले बंधू, त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीवर मागं टेकून बसत नाही. नेमका वर्षालीचा फोन, आणि नेमकी ती सांगतेय की खुर्ची गरम करायचं बटण बिघडलं गाडीतलं. भाऊंनी हात पुढं केला. "धनराज, आण तो फोन इकडं." दिला. न देऊन करतो काय?

"वर्षाली, मी मोठेबाबा बोलून राह्यलो. बाई, तुले बसाले खुर्ची गरम पाह्यजे? आमच्या वक्ती आंजीवरून शाळेत पायी जावं लागे, पायात चप्पल नाई, अन् डांबर अस्सं वितळे, का तळपायाचा रस्त्यावर ठसा! तुई माय इतकी बिमार होती, एक शब्द बोलली का कधी? अन् तू खुर्चीसाठी रडतं?"

तिकडून बारीक आवाज, "बरोबर आहे मोठेबाबा." आणि त्या दिवसापासून... सगळं मस्त!

आता भाऊंना कोण सांगणार? कुंदा आणि एक शब्द बोलली नाही? अहो, ती दवाखान्याच्या खाटेवरूनसुद्धा चहात साखर कमी म्हणून नर्सबाईंशी भांडली. ज्या दिवशी भांडली नाही, त्या दिवशी मी घाबरलो होतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, मी एक डाव टाकला. प्रेमदासचा भाचा रुपेश तिकडंच निघाला होता, हिच्याच गावाजवळ. मी वर्ध्याला जाऊन गोरसपाक आणला. वर्षालीचा जीव आहे त्याच्यावर. आता गोरसपाक म्हणजे काय, गाईच्या तुपातलं खुसखुशीत बिस्कीट, हात जोरात लावला तरी ढासळणारा जिन्नस. कुंदा पाठवायची तेव्हा आंजीच्या शेतातला कापूस आणायची, सरकी काढलेला. डब्यात बटर पेपर, त्यावर कापूस, मग एक थर, पुन्हा कापूस... नवजात बाळाला गुंडाळावं तसं. अख्खाच्या अख्खा पोचायचा. आणि मी? मी तो नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत भरला, गाठ मारली आणि वरून दोनदा हलवला. मुद्दाम! म्हटलं आता कशी तक्रार करत नाही तेच पाहतो.

पोचला. फोन आला. मी सरसावून बसलो. "बाबा, गोरसपाक मिळाला. मस्त!"

"मस्त? तुटला-बिटला नाही?"

"नाही, एकदम अख्खा."

अख्खा! अहो, मी माझ्या हातानं त्याचा भुगा केला होता! पण बोलू कसा? तू खोटं बोलतेस म्हणावं, तर तुम्हाला कसं माहीत म्हणेल! तिकडं ती, इकडं मी आणि मध्ये कूलर घरघरतोय. ती आता ठेवते म्हणणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मला वाराच लागत नाही."

"म्हणजे?"

"कूलरचा. घामानं भिजतो नुसता."

"का? बिघडला का?"

"बिघडला नाही. त्याचं तोंड तिच्याकडं आहे."

"मग वळवा ना, बाबा."

"नाही वळवत."

आणि मग एकदम... डच कंपनीतली मोठी इंजिनियर हो ती, पण थेट आंजीच्या बोलीत सुटली. "बाबा, तुमी कापूस काऊन नाई घातला? सगळा चुरा झाला! पीठ झालं त्याचं! चमच्यानं खाल्ला मी! आईचा कधी तुटला का? अन् प्लास्टिकच्या पिशवीत कोण पाठवते जी गोरसपाक!" रडत होती, ओरडत होती, नाक ओढत होती... मी हूं हूं नाही केलं. म्हटलं, "अन् तो दूधवाला अजून नळालेच पिळून राह्यला!" मग तिकडून सोफ्याखालचं यंत्र आलं, शेजारणीचं कुत्रं आलं, अवोकॅडो आलं, खुर्चीचं बटण अजून तसंच आहे ते आलं. मी ओला टावेल टाकला. स्वतःचाच! फोन संपला तेव्हा कान असा तापला होता, की त्यावर पापड भाजावा.

आता रोज फोन आहे. ड्युटीवरून आलो की चहा समोर निवतो, पण घोट घेता येत नाही, मध्ये आवाज आला तर म्हणते, "बाबा, तुमचं लक्ष नाही." चंद्रभान भाऊ आले की मी फोन घेऊन गच्चीवर पळतो, या वयात, भर उन्हात!

आणि शेवटी तिनं ऑर्डर सोडली, "वळवत नसाल तर निदान मध्ये तरी करा." केला. आता कूलरचं तोंड धड कुंदाच्या जागेकडे नाही, धड माझ्याकडे नाही. वारा मधून सरळ जातो तो समोरच्या भिंतीवर. तिथं कुंदाचा फोटो. दुपारी मी जरा डोळा मिटला, की तो फोटो सुरू होतो, खड खड खड खड... उठून खिळा ठोकला, मागं कागदाची घडी घातली, काही उपयोग नाही. झोपूच देत नाही!

वर्षालीला सांगितलं, तर काय म्हणाली माहीत आहे?

"बाबा, पोट भरल्यावरचं रडणं आहे हे. अन् कूलर आईकडंच राहू द्या, तसंही ती ऐकणार नाही."