अंकिताचा गुडघा

महाराष्ट्राच्या कुस्तीचं भवितव्य सांगलीच्या दवाखान्यात बाकावर बसून वडापाव खात होतं. शालूबाईची ही नात, अंकिता; सोबत आज्जी आणि तिला कुस्ती शिकवणारे वस्ताद. बाकावर शेजारी बसलेल्या मेहरुनबीचे कान इकडंच होते.

"वस्ताद, ही डॉक्टरीण खेळणाऱ्या पोरांचीच हाडं बघती?" शालूबाईनं विचारलं.

"व्हय! आधी हाडं शिकली, मग पोरांची हाडं, मग खेळाडूंची. निम्मं आयुष्य शिकण्यातच गेलं!"

"जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानाआधी पोरगी बरी हुईल न्हवं?"

"आवं शालूबाई, ऑपरेशन झालं की सुटली वाघीण! आपल्या कुंडलात शुभेच्छांचा फ्लेक्सबी लागलाय."

"आज्जे, फोटो लय भारी आलाय माझा!"

नंबर आला. तिघं आत गेली. दार उघडंच राहिलं; बाहेर मेहरुनबीला सगळं ऐकू येत होतं.

"बैठका किती मारतेस?" डॉक्टरणीनं विचारलं.

"वस्ताद म्हणतील तितक्या."

"वाढत्या वयात गुडघा असा दुखतो. ऑपरेशन नको. दोन महिने बैठका आणि कुस्ती, दोन्ही बंद."

जत्रा पुढच्या आठवड्यात होती.