रिकाम्या खुर्च्यांची तपासणी

मंडळी, आज एक साधा प्रश्न विचारतो. तपासणीला वरचा साहेब आला, तर त्याला खरं दाखवावं, की छान दाखवावं?

हसलात ना! म्हणजे उत्तर ठाऊक आहे. बोलायचं नाहीये एवढंच!

तर ऐका. एका तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही – तिथला कुणी पाहुणा मांडवात बसलेला असायचा! त्या गावच्या कचेरीत निराधार योजनेची शाखा. विधवा, अपंग, ज्यांना कुणी नाही अशांना दरमहा आधार मिळतो ना, त्याचं काम तिथं चालायचं. शाखेत खुर्च्या चार. आणि माणसं?

एक!

अनुसयाबाई भोईटे. कारकून. वय छप्पन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. एक सहकारी निवृत्त झाला, दुसऱ्याची बदली झाली, तिसरी देवाघरी गेली. त्यांच्या जागी कोण आलं? कुणी नाही! बाईंनी माणूस मागायला वर चार पत्रं पाठवली. चारही वेळा उत्तर एकच – ‘बाब विचाराधीन आहे.’ अहो, विचार तरी किती करावा माणसानं!

कपाटात अर्ज साठत गेले. तीनशे बारा! बाई डबा खाताना एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात अर्ज धरायच्या. तरी ढीग काही उतरेना.

आणि एके सोमवारी पत्र आलं. पुढच्या मंगळवारी तपासणी पथक येतंय! म्हणजे आठ दिवस आधी कळवून बरं का. अशानं चोर सापडत नाही, मंडळी, पण कचेरीला रंग मात्र झकास लागतो!

शाखेचे प्रमुख साळवेकर साहेब. माणूस दुष्ट नव्हता हो. घाबरट होता. त्यांनी बाईंना बोलावलं.

“भोईटेबाई, तीनशे बारा प्रलंबित दिसले तर माझं काही खरं नाही.”

“साहेब, माणसं नाहीत हेच दाखवूया ना.”

“छे छे! खुर्च्यांवर माणसं मी बसवतो. तुम्ही एक करा. प्रत्येक अर्जाला त्रुटीपत्र लावा. ‘कागदपत्रे अपूर्ण’ म्हणा आणि अर्ज परत पाठवा. प्रलंबित शून्य!”

काय युक्ती! अर्ज मंजूर नाही, नामंजूर नाही. अर्जच नाही!

बाईंना पटलं नाही. पण दोन वर्षं राहिलेली, साहेबांचा हुकूम. बसल्या. दिवसभरात चाळीस त्रुटीपत्रं लिहिली आणि संध्याकाळच्या टपालाला दिली. घरी गेल्या, पण जेवण काही गोड लागलं नाही.

गुरुवारी दारात एक म्हातारी उभी. ठकूबाई लवटे. नवरा गेलेला, लेकरू नाही, डोळ्यांना अंधुक दिसायचं. सात मैल चालत आलेली. हातात ते त्रुटीपत्र आणि परत आलेला अर्ज.

“ताई, वाचून दाखवा की. काय चुकलं माझं?”

बाईंनी स्वतःचंच अक्षर वाचलं. “कागदपत्रे अपूर्ण.”

“अगं बया! कुठला कागद ऱ्हायला? सांगा, आणते. तलाठ्याकडं परत जाते. माझीच चूक असंल, मला लिवता-वाचता येत न्हाई.”

मंडळी, म्हातारी भांडली असती ना, शिव्या दिल्या असत्या ना, तर बरं झालं असतं! पण ती स्वतःलाच दोष देत होती. बाईंनी अर्ज उघडला. उत्पन्नाचा दाखला आहे. वयाचा आहे. रहिवासी आहे. सगळं आहे!

“आजी, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”

त्यांनी ते पत्र फाडलं, अर्ज कपाटात परत ठेवला आणि म्हातारीला चहा पाजून एस.टी.त बसवून दिलं. त्यानंतर एकही त्रुटीपत्र लिहिलं नाही. साहेबांना सांगितलं का? नाही! तेवढं धाडस अजून नव्हतं.

मंगळवार उजाडला. साहेबांनी फळा रंगवून घेतला – ‘प्रलंबित : शून्य’. तीन खुर्च्यांवर तीन माणसं. एक शिपाई, एक कागदांच्या नकला उतरवणारा आणि तिसरा कोण? साहेबांचा जीपवाला, दगडू पिसाळ! इस्त्रीचा सदरा, खिशाला तीन पेनं. चालत एकही नव्हतं!

पथकाच्या प्रमुख पावगी मॅडम. चष्मा नाकावर, बोलणं कमी. त्या थेट दगडूसमोर उभ्या राहिल्या.

“विधवा बाईच्या अर्जात आधी काय बघता?”

दगडू ताठ उभा राहिला. “मॅडम, आधी हवा बघतो. मग ऑइल!”

अहो, हसू नका! साहेबांची अवस्था आठवा. घाम टिपायला रुमाल पुरेना!

मॅडम हसल्या नाहीत. अनुसयाबाईंकडे वळल्या. “फळ्यावर शून्य आहे. खरं आहे?”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळे मिटले होते.

“नाही, मॅडम. कपाटात दोनशे त्र्याहत्तर आहेत. आणि एकोणचाळीस मी खोटी त्रुटी दाखवून परत पाठवलेत. सही माझी आहे.”

कपाट उघडलं. गठ्ठे धपाधप खाली आले. माणूस मागायला पाठवलेल्या त्या चार पत्रांच्या प्रतीही बाईंनी पुढे ठेवल्या. मॅडम बराच वेळ वाचत बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, बाईंचा सत्कार झाला. कुठला सत्कार? नोटीस मिळाली! खोटं लिहिलंत, खुलासा द्या. साहेबांनाही मिळाली. आणि मॅडमनी अहवालात पहिलंच वाक्य लिहिलं – ‘काम अडले आहे, कारण माणसे दिलेली नाहीत, हा दोष वरिष्ठ कार्यालयाचा आहे.’ वरच्यांचा दोष वर पाठवायला छाती लागते, मंडळी! दीड महिन्यानं दोन माणसं आली. तिसरा माणूस? त्याचा विचार चालू आहे!

पण बाई थांबल्या नाहीत. त्या एकोणचाळीस जणांना कळणार कसं, की कागद पुरे आहेत? रविवारी त्या पायीच निघाल्या. फाट्यावर जीप येऊन थांबली. आत दगडू, आणि शेजारी साळवेकर साहेब!

“बसा, बाई,” साहेब खाली बघत म्हणाले, “हुकूम माझा होता. एकट्यानं कशाला फिरता?”

चार रविवार तिघं वाड्या-वस्त्या फिरले. दारात उभं राहून साहेब स्वतः म्हणायचे, “आमची चूक झाली.” पहिल्या घरी जीभ अडखळली. चाळिसाव्या दारापर्यंत... अहो, चाळीस कुठली, एकोणचाळीसच! बघा, मीसुद्धा आकडा फुगवायला लागलो! तर शेवटच्या दारी साहेब अंगणात बसून शेंगा खात होते.

आता तुमच्याकडे वळतो. शाळेची तपासणी आली की शेजारच्या गावातली पोरं आणून वर्गात कोण बसवतं? आपण! ग्रामसभा न भरताच वहीवर अंगठे कोण उठवतं? आपणच! तेव्हा नुसतं साहेबाला हसू नका.

उद्या सकाळी आपल्या गल्लीत कुणाचा अर्ज अडकलाय ते विचारा आणि त्याच्यासोबत कचेरीत जा. टेबलामागच्या माणसावर ओरडायच्या आधी त्याच्या शेजारची खुर्ची बघा. ती रिकामी असली, तर ती भरावी म्हणून सगळ्या गावानं सही करा. आणि ती सही स्वतःच्या हातानं करा, बरं का!

उचला टाळ. घ्या विठ्ठलाचं नाव. नुसते ओठ हलवून चालायचं नाही – आवाज निघू द्या!