समुद्रावरचं देवघर

हाताशी आलेलं गिऱ्हाईक मी सहसा सोडत नाही, पण लालबागच्या समीरची ऑर्डर देवघरावर अडली होती. आईला आणि बायकोपोरांना घेऊन महिनोन्‌महिने समुद्रावर राहायचं म्हणून तो शिडाची साठ फुटी बोट बांधून घेतोय. आतलं सागाचं काम माझ्या भायखळ्याच्या वखारीकडे येणार होतं. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी होता.

त्यांच्या घरी बोटीचा नकाशा बघून काकूंनी, म्हणजे समीरच्या आईने विचारलं, "देवघराचं तोंड पूर्वेला आहे ना?"

डिझायनर फर्नांडिस म्हणाला, "आंटी, बोट वळेल तसं ते पण वळणार."

"मग तुम्ही जा. मी घरीच बरी."

समीर नकाशा गुंडाळायला लागला. मी लगेच म्हटलं, "काकू, फिरतं देवघर करून देतो. बोट वळली की देव पूर्वेकडे फिरवायचे."

"देवाला फिरवतोस होय रे? सुकाणू आहे ना बोटीला? रोज पूजेपुरती बोट पूर्वेकडे करा."

समीरने मान डोलावली, मी काकूंच्या देवांची मापं घ्यायला टेप काढली. फर्नांडिसने मात्र हळूच विचारलं, "आंटी, शिडाची बोट वाऱ्याकडे तोंड करून चालत नाही. वारा पूर्वेकडूनच असला तर?"

"तर वारा फिरेपर्यंत कोणाला नाश्ता नाही."