तलवारीपुढचं तीर्थ

बेळगोळच्या बसमध्ये वनजाच्या पुढच्याच सीटवर एक आजोबा आणि परवाच जर्मनीहून परतलेला त्यांचा सोळा वर्षांचा नातू भांडत होते. म्हैसुरात असं मराठी ऐकू आलं की वनजाचे कान टवकारतच.

“बियर? या वयात?”

“ज्यांच्या घरी शिकायला राहिलो, त्या घरच्या आईनंच ओतली, अज्जा. जेवताना. तिथं चालतं.”

“अय्यो, आईनं?”

“आणि दसऱ्यात आयुधपूजेला तलवारीपुढची दारू मला चमच्यानं कोण पाजतं?”

“ते तीर्थ रे!”

“बाटली तर दुकानातलीच ना?”

“देवीपुढं ठेवली की तीर्थ.”

“तिथल्या आईनं विचारलं, तुमच्याकडं मुलं पितात का. काय सांगायचं मी?”

“नाही म्हणायचं!”

“गेल्या दसऱ्याला तुम्हाला नाही म्हणालो, तर थोबाडीत दिलीत.”

“मग? घराण्याचा मान तो.”

“तिथं बियरला हो म्हणालो, तर आज सकाळी पुन्हा थोबाडीत.”

वनजाचा स्टॉप मागं गेला, तरी ती उठली नाही.

“सांगा ना, अज्जा. यंदा घेऊ की नको?”



“यंदा लहान चमचा काढूया.”