लाल बटणाचा माणूस

...आणि वर मलाच विचारते, "आजोबा, कळलं ना?" आता तुम्हीच सांगा, बायकोच्या यकृतात कॅन्सर, समोर नातीच्या वयाची डॉक्टरीणबाई, काय कळणार? मी आपला गप्प!

तुम्हाला सांगतो, ती म्हणाली, पेशीत आरएनए नावाचे बारीक धागे असतात, काहींवरून प्रथिनं बनतात, पण काही असतात नॉनकोडिंग, ते स्वतः काही म्हणजे काही बनवत नाहीत, नुसते इतरांना म्हणतात, 'चल', नाहीतर 'थांब'! झालं! हिचे डोळे चमकले. "म्हणजे आमचे हे!" खरंच की हो... उभा जन्म सूतगिरणीत गेला माझा, पण सूत काढलं का? छे! धागा तुटला की लाल बटण दाबायचं, मशीन थांबवायचं, एवढीच नोकरी. ही चारचौघांत म्हणायची, "हे? हे काही करत नाहीत, बसतात!" मी आपला गप्प!

डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, "आजी, तुमच्या गाठीत तो थांबवणारा कमी झालाय, म्हणून ती वाढतेय. आणि 'चल' म्हणणारा मातलाय, तो आत्ता चालू असलेल्या गोळीलाही दाद देत नाही." अहो, मग दुसरा बसवा की त्या जागी! बदली कामगार मिळतो ना? "प्रयोग चाललेत, आजोबा. औषध अजून हातात नाही." म्हणजे भरती होणार, पण आमची पाळी सुटल्यावर!

उरली दुसरी गोळी. ती थोडे दिवस वाढवील म्हणे, वाढवीलच असंही नाही. पण पहिलीनंच हिचे तळवे सोललेले, पाण्याचा पेलासुद्धा मीच तोंडाला लावायचा. मुलगा म्हणतो, "आई, घे ना!" सून म्हणते, "घ्या हो आई!" ही ऐकते कुणाचं? वळली माझ्याकडे, हळूच म्हणाली, "अहो, बास झालं आता. तुम्ही सांगा यांना. तुमचंच काम ना ते?"

काय सांगू तुम्हाला... जन्मभर दाबलं ते बटण, डोळे मिटून! त्या दिवशी जीभ उचलेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, पंखा घरघरतोय, हिचा सोललेला हात माझ्या गुडघ्यावर...

"थांबवा," म्हणालो.

मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ही मात्र घरी येताना टॅक्सीवाल्याला ऐटीत सांगत होती, "हे ना, मोठ्या कामावर होते हो! अख्खी गिरणी थांबवायचे!" अहो, एकच मशीन होतं माझ्याकडे, तेही कोपऱ्यातलं... पण म्हटलं, बोलू दे. अजून किती दिवस बोलणार आहे?

मी आपला गप्प.