सुषमाची ऑनलाइन मुलाखत

आमच्या आंजी गावची सुषमा लहान लेकरायची डॉक्टर आहे, मोठी जिद्दी बाई! पुढच्या शिक्षणाच्या फेलोशिपची एकच जागा, त्यासाठी तिले मुलाखतीले बोलावलं, थेट चंदीगडले, अन् तेही परवाच. विमानाचं भाडं पाहून तिनं फोन लावला, “ऑनलाइन घ्या ना.”

तिकडून साहेब म्हणाले, “ठीक आहे, तुमची तेवढी घेतो.”

“माही एकटीची नको सर. घ्यायची तं सगळ्यायची घ्या.”

मी बाजूलेच होती. म्हटलं, “अवं, भेटून राह्यलं तं घे ना चूपचाप!” ऐकते कुठी!

शेवटी सगळ्यायची ऑनलाइन झाली; आधी सगळ्यायची मिळून चर्चा, मंग एकेकाची मुलाखत. अन् जागा भेटली आसामच्या एका पोरीले, जी खर्चापायी येणारच नव्हती.

मी चिडली, “तुह्याच हातानं घालवली तू!”

सुषमा म्हणे, “चर्चेत ऐकलं ना मी तिले. माह्याहून हुशार आहे. मुलाखत अजून कायच्यासाठी असते वं?”